आत्याबाईंच्या नावाचा भाव

पस्तीस हजार हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकला असणार. तीन हजार पाचशे म्हणायचं असेल. मग तेसुद्धा जास्तच वाटायला लागलं, आणि मी मोबाईल टेबलावर पालथा टाकून मिरच्यांचे देठ काढायला बसले. देठ काढता काढता राग चढत गेला. घरात मिरची आली की तुझा पारा चढतोच, असं आमचे यजमान म्हणतात. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आहेत आणि सगळ्या जगानं त्यांच्यासारखं थंड डोक्यानं राहावं अशी त्यांची अपेक्षा असते.

आमचा कांदा-लसणाच्या चटणीचा धंदा आहे. तो धंदा म्हणून सुरूच झाला नव्हता. यजमानांची बदली होईल तिथं मी ट्रंकेत चटणीचा डबा घेऊन जायचे. चटणी आत्याबाईंच्या हातची, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. आमच्याकडं साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, सुना सासूला आत्याबाई म्हणतात. राजस्थानात, आसामात, जिथं जाईल तिथं शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. पुढं निवृत्तीनंतर आम्ही सांगलीच्या कडेला घर बांधलं, मागं पत्र्याची शेड घातली, एक कांडप यंत्र बसवलं, आणि त्याच बायका देशभरातून फोन करून पाकिटं मागवू लागल्या. पाकिटावर काय नाव घालायचं याचा मला जराही विचार करावा लागला नाही. आत्याबाईंचं नाव घातलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा चांगली पोळले आहे. लिहिलं तर उद्या कुणीतरी त्याला मागंपुढं चार अक्षरं चिकटवून तेही अडवून ठेवेल.

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी आमचा माल ठेवायची तयारी दाखवली आणि जाता जाता म्हणाले, तुमच्या वेबसाईटचा पत्ता पाठवा. आमची वेबसाईट नव्हती. सांगलीत वेबसाईट करून देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी समजावून सांगितलं की इंटरनेटवरच्या दुकानाचा जो पत्ता असतो त्याला डोमेन म्हणतात. ते नाव मोकळं असेल तर वर्षाला आठ-नऊशे रुपये भरून आपल्याकडं राहतं, आणि कुणी आधीच घेतलं असेल तर मग तो सांगेल ती किंमत. एवढं सांगून त्यांनी आत्याबाईंचं नाव टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

नाव घेतलेलं होतं. तिथं दुकान नव्हतं, फोटो नव्हता, काहीच नव्हतं. नुसती एक पाटी होती: हे नाव विक्रीला आहे, किंमत विचारा.

मला धक्काच बसला. कोल्हापूरच्या पलीकडं कधी गेल्या नाहीत अशा बाईचं नाव. रेशनकार्ड आणि आमचं पाकीट सोडलं तर कुठं छापलं गेलं नाही असं. ते कुणा परक्या माणसानं कुठंतरी बसून विकत घेऊन ठेवावं, कशासाठी? वेबसाईटवाल्या बाई म्हणाल्या, "असे लोक असतात हो. बायपास होणार म्हटलं की कडेचे प्लॉट धरून ठेवतात ना, तशी हे नावं धरून ठेवतात. हजारो असतात एकेकाकडे. तुमचं नाव कुणाचं आहे हे त्यालाही माहीत नसेल." मी तिथंच बसून किंमत विचारली. दोन दिवसांनी उत्तर आलं ते पस्तीस हजाराचं.

यजमानांनी ते वाचलं आणि नेहमीसारखं "देख लेंगे" म्हणाले. त्यांचं 'देख लेंगे' म्हणजे मोठ्या भावाला फोन. माझे थोरले दीर कुंडलजवळ शेती करतात. घरात कुणाला बैल घ्यायचा असो, ट्रॅक्टर घ्यायचा असो, रान घ्यायचं असो, व्यवहाराला ते पुढं असतात आणि समोरचा पाच म्हणाला तर तीनवर आणूनच उठतात, अशी त्यांची ख्याती आहे. रविवारी ते आले. चहा घेतला, चष्मा लावून तो ईमेल बघितला, इंग्रजीतला असल्यामुळं आकडा तेवढा वाचला आणि मला म्हणाले, "तू एकटीनं इचारलंस न्हवं?"

मी हो म्हणाले.

"तितंच चुकलं. एकट्यानं कवा भाव इचारायचा नसतो. बाजारात बैल घ्यायचा आसंल तर काय करतो आपण? चौघं जातो. चौघं येगयेगळं इचारतो."

ही रीत मला माहेरापासून माहीत होती. माझं माहेर खंडाळ्याकडचं, सातारा जिल्ह्याच्या पुण्याकडच्या टोकाला. तिथल्या बाजारातही तेच चालायचं. एक जण जाऊन जनावराचे दात बघतो, भाव विचारतो आणि तोंड वाकडं करून निघून जातो. थोड्या वेळानं दुसरा येतो, खुरात खोट काढतो, तोही निघून जातो. तिसरा तर भाव ऐकून हसतोच. तोवर मालकाचा धीर सुटलेला असतो, आणि मग ज्याला खरोखर घ्यायचाय तो चौथा येऊन टॉवेलखाली हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवतो. आमच्या भागात यात फसवणूक केली असं कुणाला वाटत नाही. मालकालाही ठाऊक असतं की असंच असतं. तो त्याच्या बाजूनं त्याची माणसं उभी करतोच.

तर चौघं ठरले. थोरले दीर स्वतः. यजमान. माझा खंडाळ्याचा भाऊ, ज्याचं हायवेला गॅरेज आहे. आणि कोयनानगरचे आमच्या नणंदेचे यजमान, जे तिथल्या कचेरीत आयुष्य घालवून निवृत्त झाले होते आणि ज्यांच्या इंग्रजीचा घरात दबदबा होता. प्रत्येकानं आपल्या फोनवरून, आपल्या नावानं, दोन-दोन दिवसांच्या अंतरानं विचारायचं. कुणी कुणाला ओळखत नाही असं दाखवायचं. मला त्या वेळी हे सगळं अगदी बरोबर वाटलं. मी सगळ्यांना पाटी कशी उघडायची ते फोनवर शिकवलं, शेवटच्या माणसाला तर तीनदा.

दिरांनी फोनमध्ये बोलून मराठीतच लिहिलं: नाव काय खास न्हाई, तरी पण कितीला देणार? नणंदेच्या यजमानांनी कचेरीतल्या टिपणासारखं इंग्रजीत लिहिलं की आपला किमान दर लवकरात लवकर कळवण्याची कृपा करावी, विषय निकडीचा आहे. माझ्या भावाला वाटलं गॅरेजवाल्याला कोण विचारतंय, म्हणून त्यानं आपण पुण्याच्या एका कंपनीकडून बोलतोय असं ठोकून दिलं. आणि यजमानांनी फौजेच्या सवयीनं वर ठळक अक्षरात 'तातडीचे' असं घातलं. चौघंही आपापल्या कामगिरीवर खूश होते.

उत्तर मला आलं, कारण मी पहिली विचारणारी होते. त्यात लिहिलं होतं की गेल्या काही दिवसांत या नावाला मोठी मागणी आली आहे, त्यात एक कंपनीही आहे, त्यामुळं आधीची किंमत रद्द समजावी. नवी किंमत तीन लाख.

शेडमधून यंत्राचा आवाज येत होता, तो बंद करा म्हणून मी ओरडले, आणि कामाच्या बायका घाबरून धावत आल्या की काय झालं, कुणाचा हात अडकला का. मी काय सांगणार होते? आमच्याच चार माणसांनी आमच्याच वस्तूचा भाव आठपटीनं वाढवून ठेवला होता.

दिरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तीन लाख? आगं म्हशी येतील की दोन." आणि पुन्हा थोड्या वेळानं, अगदी खऱ्या आश्चर्यानं, "मी तर म्हनलं हुतं की नाव खास न्हाई."

नंतर मला त्यातलं चुकलेलं कळलं. बाजारात मालकाला माणसं येताना दिसतात आणि परत जाताना पण दिसतात. त्याच्या छातीत जे धस्स होतं ते त्या पाठी बघून होतं. इथं मालकाला फक्त येणारी माणसं दिसली. पाठ कुणाचीच दिसली नाही, कारण ईमेलला पाठ नसते. त्याच्या बाजूनं बघितलं तर एका नावाला पंधरा दिवसांत पाच गिऱ्हाइकं, त्यातल्या दोघांना घाई, एक पुण्याची कंपनी. मी त्याच्या जागी असते तर चार लाख सांगितले असते.

हळद मी सांगलीतल्या एका जैन अडत्यांकडून घेते. वयस्कर गृहस्थ, तीन पिढ्यांची पेढी, बोलायला मऊ पण भावाला कडक. त्या आठवड्यात हळद आणायला गेले तर माझं तोंड बघूनच त्यांनी काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं. चौघांची गोष्ट ऐकताना ते हसू दाबत होते आणि ते दाबत आहेत हे मला दिसत होतं, त्यामुळं माझा आणखी तिळपापड झाला. मी म्हणाले, हसा, मोकळं हसा. तेव्हा ते खरंच हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ताई, सौद्यात हळदीचा ढीग असतो, भोवती पन्नास जण उभे असतात, असे शंभर ढीग असतात. म्हणून भाव निघतो. तुमच्यात ढीग एक, घेणारी एक. तिथं भाव नसतो. तिथं त्याचा हट्ट आणि तुमचा हट्ट."

"मग रास्त किंमत ठरवायची कशी?"

"त्याच्याकडं बघून ठरवू नका. घरी बसून ठरवा. नाही मिळालं तर तुमचं किती अडतं, तेवढंच. आणि एकदा ठरवलं की बदलू नका." मग त्यांनी हळदीचा भाव सांगितला. तो मागच्या वेळेपेक्षा जास्त होता, आणि तेवढ्या गप्पांनंतर मला घासाघीस करता आली नाही.

मी घरी बसून ठरवायला लागले. साताऱ्याच्या कॉलेजात मी बीकॉम केलंय, हिशोबाला घाबरत नाही. हे नाव नाही मिळालं आणि चटणीचं नावच बदलायचं ठरवलं तर छापून ठेवलेली पाकिटं वाया, नवे ठसे, जुन्या गिऱ्हाइकांना कळवणं. दुसरीकडून, त्या माणसाकडून हे नाव विकत घेणारं जगात आमच्याखेरीज दुसरं कुणी आहे का? मी खूप शोधलं. अशीच गावाकडची साधी नावं कितीला विकली गेलीत तेही जमेल तेवढं पाहिलं. बहुतेक विकलीच गेलेली नव्हती, वर्षानुवर्षं पाटी लावून पडली होती. सगळं धरून माझा आकडा आला चाळीस हजार. त्यातही मी हात सैल सोडला होता. चाळीसच्या वर एक रुपया नाही, असं मी यजमानांना जेवताना सांगितलं आणि ते म्हणाले, बहुत अच्छा.

पुढच्या पंधरवड्यात माझं जे झालं त्याचा मला अजून विश्वास बसत नाही. मी चाळीस देते म्हणून कळवलं. त्यानं अडीच लाख सांगितले. मी पन्नास म्हणाले, कारण पन्नास म्हणजे काय फार नव्हे. त्यानं दोन लाख वीस केले. तो खाली येतोय या आनंदात मी वर चालले आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एकदा तीन लाख कानावर पडले की दीड लाख स्वस्त वाटतात. पहिल्या दिवशी पस्तीस हजार वाचून चिडून मिरच्यांचे देठ तोडणारी बाई मीच, आणि दीड लाखात मिळालं तर सुटलो म्हणणारी पण मीच. तो शेवटी एक लाख साठवर थांबला. दीडवर येईल असं वेबसाईटवाल्या बाई म्हणाल्या.

दीड लाख आमच्याकडं होते. नवं, मोठं कांडप यंत्र घ्यायला बाजूला ठेवले होते. जुनं सारखं बंद पडत होतं आणि मोठ्या मागण्या परत पाठवाव्या लागत होत्या. यंत्र राहिलं तर राहू दे, असं मी ठरवलं. यजमानांना म्हणाले, "आवं, आत्याबाईंचं नाव हाय. त्यांच्या हातची चटणी हाय म्हणून आपण हितवर आलो. ते नाव परक्याच्या हातात ठिवून मी यंत्र घेऊ? लोक काय म्हणतील ते राहू द्या, मलाच चटणी गोड लागायची न्हाई." ते म्हणाले, तुला योग्य वाटतं ते कर. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

पैसे पाठवायच्या आधी आत्याबाईंना सांगावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी माझं कौतुक करावं असंही वाटलं. यंत्र सोडून सासूचं नाव सोडवून आणणारी सून काय गल्लोगल्ली मिळते? दुपारची वेळ होती. त्या मागच्या पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना चटणीचं काम आता सांगत नाही कुणी, पण हात रिकामा ठेवायची सवय नाही. मी शेजारी बसून सगळी हकिकत सांगितली, पाटी, चौघं, तीन लाख, सगळं. त्या ऐकत होत्या.

"दीड लाख," त्या म्हणाल्या. "कुनाला द्यायचं?"

"ज्यानं तुमचं नाव धरून ठेवलंय त्याला."

"आन् त्यो त्या नावाचं काय करतोय?"

"काय न्हाई. नुसता धरून बसलाय."

त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. "मग बसू दे की."

मला वाटलं पैशाकडं बघून बोलतायत. मी म्हणाले, "आवं असं कसं आत्याबाई. तुमचं नाव हाय ते."

"माझं कुठलं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या घरचं हाय. तुझ्या मामंजींच्या आत्यानं ठिवल्यालं. लग्नात."

लग्नात नाव बदलण्याची रीत मला काय माहीत नव्हती? ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि उठल्यापासून बाई त्या नावाची. माझ्या लग्नात मी ते होऊ दिलं नव्हतं. अख्ख्या मांडवात मी हट्ट धरून बसले होते की माझं नाव मला हवं, आणि म्हातारी माणसं कुजबुजायला लागली होती की पोरगी आतापासूनच अशी. तेव्हा आत्याबाईच पुढं येऊन म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ द्या तिचं तिला." मला वाटलं होतं, बाई स्वभावानं चांगली आहे. चांगल्या होत्याच. पण त्या का म्हणाल्या असतील हा प्रश्न मला वीस-बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता, आणि त्या दुपारी तो एकदम पडला.

"मग तुमचं नाव काय, आत्याबाई?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. शेडमधल्या बायका जेवायला गेल्या होत्या, कुणी नव्हतं. मग त्यांनी नाव सांगितलं. हळू आवाजात, आणि नीट येतंय का ते बघत असल्यासारखं. साधं, छोटं, फुलाचं नाव होतं. तेही मी इथं लिहीत नाही, पण कारण वेगळं आहे. ते लिहायचं की नाही हे ठरवणारी मी नव्हे.

"माझी आई मारायची हाक," त्या म्हणाल्या. "एक भाऊ हुता, पर त्यो धाकटा, त्यो आक्काच म्हणायचा. आई गेल्यापासनं कुनी न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र बसायला होईना. इतकी वर्षं हजारो पाकिटांवर मी मोठ्या मानानं एक नाव छापत होते आणि ज्या बाईचा मान करत होते तिला तिचं नाव विचारलंच नव्हतं. तिच्या मुलालाही ते माहीत नव्हतं, संध्याकाळी यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "म्हणजे? आईचं नाव आईचंच नाव."

पण ते संध्याकाळी. पडवीत आत्याबाईंनी लसणाचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "ते नाव दीड लाखाला हाय म्हणतीस. मग ह्ये कितीला हाय, बग की."

मी फोन काढला. फुलाचं नाव, सोपं, असली नावं पहिल्या दिवशीच जातात, हे मला आता कळायला लागलं होतं. त्यांच्या जुन्या आडनावासकट टाकू का विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी माहेरचं आडनाव जोडून टाईप केलं. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या, त्यांना इंग्रजी येत नाही तरी.

नाव मोकळं होतं. पहिल्या वर्षाचे आठशे आणि काही रुपये.

"कुनी घेतलं न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई."

"इतकी वर्सं तसंच पडलंय?"

मला रडूच आलं, आणि रागही आला, पण राग काढायला समोर कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर लसणाच्या हातानं थोपटलं आणि म्हणाल्या, "मग घिऊन टाक. सवस्त हाय."

त्या दिवशी मी दोन नावं घेतली. चटणीसाठी आत्याबाईंचं सासरचं नाव आणि त्याला जोडून 'चटणी' हा शब्द. ते मोकळंच होतं आणि तेवढ्याच पैशात मिळालं. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही आधी सुचली नव्हती, कारण सगळे भाव पाडायला निघाले होते. विकणाऱ्याला मी खरं काय ते कळवलं: पाचही गिऱ्हाइकं आमच्याच घरची होती, कंपनी वगैरे कुणी नाही, आणि आता आम्हाला नको. आठवड्याभरात त्याच्या किमती साठ हजार, मग पस्तीस, मग वीस हजार अशा येत गेल्या. दिरांना ते दाखवलं तर ते मांडीवर हात मारून म्हणाले, "बघ, पाठ दावल्याबिगर मालक नरमत न्हाई." त्यांच्या मते त्यांचीच रीत शेवटी बरोबर ठरली. मी वाद घातला नाही.

पुण्याच्या दुकानाला पत्ता पाठवला, त्यांनी माल ठेवला, यंत्र आलं. पण माझ्या मनातली टोचणी जाईना. मी एक दिवस आत्याबाईंना म्हणाले की पाकिटावरचं नावच बदलून टाकू, तुमचं खरं नाव घालू, होऊ दे खर्च. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"नको," त्या म्हणाल्या. "चटणीला त्येच ऱ्हाऊ दे. त्या नावानं लय काम केलंय. ह्याला कशाला कामाला लावतीस?"

दुसऱ्या नावाचं पान अजून कोरंच आहे. वेबसाईटवाल्या बाईंनी दोनदा विचारलं की तिथं काय घालायचं, निदान एखादा फोटो. आत्याबाई म्हणाल्या, काय नको. मधूनच कधीतरी त्या मला फोन उघडून ते दाखवायला सांगतात. पांढऱ्या कोऱ्या पानावर वर छोट्या अक्षरात पत्ता असतो. त्या बघतात आणि फोन परत देतात.

वर्ष संपत आलं तेव्हा पैसे भरायची सूचना आली. वेबसाईटवाल्या बाई म्हणाल्या, दहा वर्षांचे एकदम भरून टाका, मग काळजी नाही. मला पटलं. आत्याबाई शहात्तरच्या आहेत, दहा वर्षं म्हणजे कायमचंच, असं माझ्या मनात आलं आणि मी त्यांना तसं सांगायला गेले. फक्त त्यांच्या वयाचं तेवढं गाळलं.

"धा कशाला?" त्या म्हणाल्या. "वर्सा-वर्साचं भर. आन् दर वर्सी यिऊन मला इचार, नाव ठिवायचं का म्हणून. पयल्यांदा कुनी इचारलंच न्हवतं."

मी एका वर्षाचे भरले.